आधी बॅकअप, मग नोंदी, आणि नवीन सर्व्हर सगळ्यात शेवटी

पत्र:

नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे, ‘अ’ वर्गातलं. २०१९ मध्ये गावातल्याच एका इंजिनिअरिंगच्या मुलाने आमच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर डीस्पेस हे डिजिटल संग्रह ठेवायचं सॉफ्टवेअर बसवून दिलं, व्हर्जन ६.३, उबुंटू १८.०४ या ऑपरेटिंग सिस्टिमवर. गावच्या जुन्या साप्ताहिकाचे बांधीव अंक, दिवाळी अंक, संस्थेची इतिवृत्तं, थोडे मोडी कागद असं मिळून साधारण ३,८०० नोंदी आहेत. तो मुलगा आता बंगळुरूला नोकरीला आहे, फोन उचलतो पण त्याला तरी किती त्रास द्यायचा. सध्या दर चार-पाच दिवसांनी साइट बंद पडते, कंप्युटर बंद करून चालू केला की सुरू होते. डिस्क ९६ टक्के भरलेली दाखवतेय. नोंदी आत्तापर्यंत तीन जणांनी तीन पद्धतीने केल्यात, त्यामुळे अंक आहे हे माहीत असूनही सर्चमध्ये सापडत नाही. मंडळातले एक सदस्य म्हणतात हे सगळं बंद करा आणि पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाका, दुसरे म्हणतात एखाद्या एजन्सीला देऊन नवीन व्हर्जन बसवून घ्या. साठ-सत्तर हजार रुपये मंजूर होतील. मी कुठून सुरुवात करू?

उत्तर:

दादा, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुमच्यासारखी चार-पाच वाचनालयं आणि दोन-तीन कॉलेजं मी जवळून बघितलीयेत, सगळीकडे गोष्ट हीच असते, एक हुशार मुलगा किंवा मुलगी मनापासून सगळं उभं करते आणि मग नोकरीला जाते, त्यात त्यांची काही चूक नाही. पण तुमच्या मंडळात ज्या दोन सूचना आल्यात ना, त्या दोन्ही आत्ता बाजूला ठेवा. कारण दोन्ही सूचना सर्व्हरबद्दल आहेत आणि तुमच्याकडे धोक्यात आहेत त्या नोंदी आणि स्कॅन. सर्व्हर बाजारात मिळतो, साप्ताहिकाचा १९२८ चा अंक कुठल्या पानावरून स्कॅन केला आणि तो कुठल्या दाखल क्रमांकाचा, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीत त्याला कुठला क्रमांक मिळालाय, हे बाजारात मिळत नाही.

म्हणून या आठवड्यात एकच काम. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क विकत घ्या, प्रत्येकी २ टीबीच्या किंवा स्कॅन जास्त असतील तर ४ च्या, आणि त्यावर संपूर्ण बॅकअप घ्या. मंडळाची पुढची मीटिंग होईपर्यंत थांबू नका, किरकोळ खर्चात बसवा.

आता बॅकअप म्हणजे काय ते नीट सांगते, कारण इथेच घोळ होतो. डीस्पेसमध्ये तुमच्या पीडीएफ ‘असेटस्टोअर’ नावाच्या फोल्डरात असतात. ते फोल्डर उघडून बघा, पण कशालाही हात लावू नका. आत दोन-दोन आकड्यांची फोल्डरं दिसतील, त्यांच्या आत अजून तशीच, आणि तीन पायऱ्या उतरलात की भला मोठा आकडा हेच नाव असलेली फाइल, पुढे पीडीएफ वगैरे काही लिहिलेलं नाही. एका ठिकाणी नवीन आलेल्या माणसाला हा कचरा वाटला आणि डिस्क रिकामी करायची म्हणून त्याने एक अख्खं फोल्डर उडवलं होतं. ती कचऱ्यासारखी दिसणारी फाइल म्हणजेच तुमचा अंक. आणि कुठला आकडा म्हणजे कुठला अंक हे फक्त पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसला माहीत असतं, तुमच्या सगळ्या नोंदी त्यातच असतात. म्हणजे नुसतं असेटस्टोअर कॉपी केलं तर हातात बिननावाचे कागद, नुसता डेटाबेस घेतला तर हातात कागद नसलेली यादी. दोन्ही एकाच वेळी घ्यायचे, डेटाबेसचा पीजी-डम्प (म्हणजे त्याची पूर्ण नक्कल) आणि असेटस्टोअरची पूर्ण कॉपी. त्यासोबत डीस्पेसचं कॉन्फिग म्हणजे सेटिंगचं फोल्डर घ्या, त्यातली लोकल.सीएफजी फाइल तर नक्कीच, आणि कोणी किती वेळा काय उघडलं ती आकडेवारी मंडळाला अहवालात लागत असेल तर सोलरमधली (डीस्पेसचा सर्च आणि आकडेवारी सांभाळणारा प्रोग्राम) स्टॅटिस्टिक्ससुद्धा एक्स्पोर्ट करून ठेवा. सर्चचा इंडेक्स डेटाबेसवरून परत तयार होतो, ही आकडेवारी होत नाही.

एक डिस्क वाचनालयात, दुसरी कार्यवाहांच्या घरी किंवा कुठेही, पण वेगळ्या इमारतीत आणि शक्यतो उंचावर. २०१९ ला सांगलीत आणि २०२१ ला चिपळूणला पुराचं पाणी वाचनालयात शिरून पुस्तकांचं काय झालं हे आपण सगळ्यांनी बघितलंय, तुमचं गाव नदीकाठी असेल तर तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं समजू नका, तो उघडून बघायचा. मी एका कॉलेजमध्ये काम करत होते तेव्हा रोज रात्री दोन वाजता आपोआप बॅकअप व्हायचा, रोज सकाळी त्या तारखेची फाइल दिसायची, मी स्वतः बघायचे आणि निश्चिंत असायचे. एक दिवस डिस्क गेली. फाइल उघडायला गेले तर साइज २० बाइट. मागची बघितली, तीही २० बाइट, त्याच्या मागचीही. अकरा महिन्यांपूर्वी कोणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता, तेव्हापासून डम्प आतमध्ये फेल होत होता आणि झिप करणारी पुढची कमांड इमानदारीत रिकामी फाइल झिप करत होती, रिकामी झिप झालेली फाइल बरोबर २० बाइटची असते. अकरा महिन्यांच्या नोंदी आम्ही तिघींनी दाखल नोंदवहीवरून परत केल्या, आणि ज्यांचे फक्त स्कॅन आले होते, मूळ कागद मालकांना परत गेले होते, त्यांचं वर्णन काही परत आलं नाही. तेव्हापासून मी फाइलची तारीख बघत नाही, साइज बघते. आणि तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या कंप्युटरवर डेटाबेस परत चढवून कुठल्याही तीन नोंदी निवडून त्यांच्या पीडीएफ उघडून बघते.

आता साइट का बंद पडते. समोर बसल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही पण तुमच्या वर्णनावरून तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे डिस्क. ती पूर्ण भरली की पोस्टग्रेसला लिहायला जागा राहत नाही आणि तो थांबतो, मग सगळंच थांबतं. जागा बहुतेक वेळा स्कॅननी खाल्लेली नसते, लॉगनी खाल्लेली असते, म्हणजे प्रोग्राम आपल्या कामाची टिपणं लिहीत राहतात त्या फाइलींनी. डीस्पेसचं लॉग फोल्डर आणि डीस्पेस ज्याच्यावर चालतो त्या टॉमकॅट प्रोग्रामची कॅटलिना.आउट नावाची फाइल यांचा साइज बघा, टॉमकॅट हाताने बसवला असेल तर ही फाइल वर्षानुवर्षं वाढतच राहते, मी पन्नास-साठ जीबीची बघितलीये. जुने लॉग बाहेरच्या डिस्कवर हलवा, आणि पुढे ते आपोआप फिरत राहतील, म्हणजे जुने पुसले जाऊन नवे येत राहतील, अशी लॉगरोटेटची सेटिंग त्या मुलाकडून फोनवर दहा मिनिटांत करून घ्या, एवढा त्रास दिलात तर तो काही रागावणार नाही. कॅटलिना.आउट चालू टॉमकॅटमध्ये डिलीट करू नका, जागा मोकळी झालेली दिसणारच नाही, आधी टॉमकॅट थांबवा.

दुसरी गोष्ट म्हणजे बॉट. अलीकडे दोन-तीन वर्षांत सगळ्याच रिपॉझिटरींना, म्हणजे अशा डिजिटल संग्रहांना, हा त्रास वाढलाय, एआयसाठी मजकूर गोळा करणारे प्रोग्राम येतात आणि सर्चच्या बाजूला जे फिल्टर असतात ना, लेखक, विषय, साल, त्यांच्या प्रत्येक जोडणीच्या लिंकवर क्लिक करत सुटतात. ३,८०० नोंदींच्या अशा लिंक लाखांनी होतात आणि तुमचा बिचारा ऑफिसचा कंप्युटर प्रत्येकासाठी सोलरला विचारत बसतो, मेमरी संपते, जावा मान टाकतो. बॉटनी कुठे यायचं नाही हे सांगणाऱ्या रोबोट्स.टीएक्सटी फाइलमध्ये सर्च आणि ब्राउजच्या पत्त्यांना मनाई करा, नोंदींच्या पानांना करू नका, नाहीतर गूगलवरूनही गायब व्हाल. साइटमॅप म्हणजे साइटवरच्या सगळ्या पानांची यादी रोज रात्री तयार होऊ द्या म्हणजे गूगलला फिल्टरांतून फिरायची गरजच राहत नाही. जे बॉट रोबोट्स फाइल जुमानत नाहीत त्यांच्यासाठी पुढे एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर बसवून एका पत्त्यावरून मिनिटाला किती विनंत्या घ्यायच्या याची मर्यादा घालता येते.

तिसरी, लाईट. लाईट गेली आणि कंप्युटर धाडकन बंद झाला की सोलरच्या इंडेक्स फोल्डरात राइट.लॉक नावाची एक फाइल मागे राहू शकते आणि मग टॉमकॅट चालू होतो, साइट उघडते, पण सर्च चालत नाही किंवा नवीन नोंद दिसत नाही. असं झालं तर टॉमकॅट थांबवून फक्त ती एक फाइल काढायची आणि परत चालू करायचं. पण त्यापेक्षा चांगला यूपीएस घ्या, ज्याची यूएसबी वायर कंप्युटरला जोडता येते, बॅटरी संपत आली की कंप्युटर स्वतःहून नीट बंद होतो. साठ-सत्तर हजारातली दुसरी खरेदी हीच.

एवढं केलंत की दिवाळीपर्यंत तुमचा जुना सर्व्हर तग धरेल. आता खऱ्या कामाकडे, नोंदींकडे.

तुमच्या तीन जणांनी तीन पद्धती वापरल्या कारण त्यांना कोणी एक पद्धत लिहून दिली नव्हती. डीस्पेस नोंदीसाठी डब्लिन कोअर नावाचा खान्यांचा ठरलेला संच वापरतो, हे डब्लिन आयर्लंडमधलं नव्हे, अमेरिकेत ओहायोमध्ये एक डब्लिन आहे तिथे १९९५ ला ग्रंथपाल आणि कंप्युटरवाले एकत्र बसले आणि त्यातून पुढे १५ मूळ घटक ठरले, शीर्षक, कर्ता, विषय, तारीख, भाषा, प्रकार, हक्क असे. साधं ठेवायचं हाच हेतू होता आणि ते साधं आहे म्हणूनच जगभर चाललं. पण डब्लिन कोअर फक्त खाना देतो, खान्यात काय आणि कसं भरायचं हे सांगत नाही. ते तुम्ही ठरवायचं. चार पानी नियमावली करा, मराठीत, उदाहरणांसकट, आणि टेबलावर काचेखाली ठेवा. ही चार पानं झाल्याशिवाय एकही जुनी नोंद दुरुस्त करायला घेऊ नका, नाहीतर चौथी पद्धत तयार होईल.

नियमावलीत तारखेला सगळ्यात जास्त जागा द्या. तुमच्याकडे नक्की असं झालेलं असणार की कोणी प्रकाशनाच्या तारखेच्या खान्यात स्कॅनची तारीख घातलीये. नोंद चढवल्याची तारीख डीस्पेस आपली आपण वेगळ्या खान्यात घेतो, ‘डेट इश्यूड’ मध्ये अंक छापून बाहेर पडला ती तारीखच पाहिजे, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, फक्त वर्ष माहीत असेल तर फक्त वर्ष. आणि आकडे इंग्रजी, कारण मराठी आकड्यात लिहिलेलं साल कंप्युटर क्रम लावताना इंग्रजी आकड्यांच्या नंतर नेऊन टाकतो. आपल्या जुन्या अंकांवर शके असतो, तिथे ७८ मिळवा हे सगळ्यांना माहीत असतं पण ते पूर्ण बरोबर नाही. समजा अंकावर ‘माघ, शके १८४९, प्रभवनाम संवत्सर’ असं आहे. शके १८४९ गुढीपाडव्याला सुरू झाला १९२७ मध्ये, पण माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे तो अंक १९२८ चा. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवायचे, आणि पौषाचा अंक असेल तर तिथी बघून जुन्या पंचांगात खात्री करायची. मूळ अंकावर जसं छापलंय तसं शके-मास-तिथी वर्णनाच्या खान्यात जसंच्या तसं टाका, ते कधीही काढू नका, उद्या तुमची गणती चुकली असेल तर कोणालातरी त्यावरून दुरुस्त करता येईल.

लेखकाचं नाव आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव आणि वडिलांचं नाव, पूर्ण. आद्याक्षरं नकोत, पूर्ण नाव माहीतच नसेल तरच. टोपणनावाचं काय हा प्रश्न येणारच. राम गणेश गडकरी कविता गोविंदाग्रज नावाने लिहायचे आणि विनोदी लेख बाळकराम नावाने, आता तुमच्या दिवाळी अंकात ‘गोविंदाग्रज’ छापलंय आणि वाचक गडकरी शोधतोय, सापडणार कसं? कर्त्याच्या खान्यात एकच ठरलेलं रूप, अंकावर छापलेलं नाव वेगळ्या टिपेच्या खान्यात, आणि कुठलं रूप ठरवलं याची एक वही. तुमच्या गावातले लेखक कुठल्याही मोठ्या यादीत नसतील, त्यांची यादी तुम्हीच करायची, आणि बायकांच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव दोन्ही लिहून ठेवा, साप्ताहिकात लग्नाआधी एका नावाने आणि नंतर दुसऱ्या नावाने लिहिणाऱ्या कितीतरी जणी असतात आणि नोंदीत त्या दोन वेगळ्या बायका होऊन बसतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तिचं लिखाण आधीच थोडं, त्याचेही दोन तुकडे.

भाषेच्या खान्यात मोडी कागदांसाठी कोणी ‘मोडी’ लिहिलं असेल तर ते काढा, मोडी लिपी आहे, भाषा मराठीच. लिपीसाठी वेगळा खाना करा. भाषेचा कोड तीन अक्षरी घ्या, एम-ए-आर, दोन अक्षरीही आहे पण कोकणीसारख्या भाषेला दोन अक्षरी कोडच नाही, मग पुढेमागे अडचण.

आणि दाखल क्रमांक. हा खाना तीनपैकी दोघांनी रिकामाच ठेवला असेल अशी माझी पैज आहे. प्रत्येक नोंदीत तो आलाच पाहिजे, कारण कागदाचा अंक आणि कंप्युटरवरचा अंक यांना जोडणारा तोच एक धागा आहे.

आता तुमची मूळ तक्रार, अंक आहे पण सापडत नाही. यातलं अर्धं दुखणं टायपिंगचं असतं. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. काही कीबोर्डवर तो टिंबवाला ऱ, हलन्त, य असा उमटतो, काहींवर साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य असा उमटतो. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात, भिंग लावून बघा तरी फरक दिसणार नाही, पण कंप्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. तसंच ‘ॲ’ चं, एक अखंड अक्षर आहे जे युनिकोडमध्ये (कंप्युटरवरच्या अक्षरांची जगभरची ठरलेली यादी) २००८ ला आलं आणि त्याआधीचे लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे, म्हणून ‘ॲडव्होकेट’ शोधला तर जुन्या नोंदीतला वकील सापडत नाही. नियमावलीत लिहून टाका की टिंबवाला ऱ आणि अखंड ॲ, आणि जुन्या नोंदींत शोधून बदला. जुन्या श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमधून कन्व्हर्ट केलेल्या नोंदी वेगळ्या काढा, त्यात असे अदृश्य घोटाळे जास्त असतात. मराठी ल आणि श ची वळणं हिंदीसारखी दिसतात म्हणून काहीजण वैतागतात, तो फक्त फॉन्टचा प्रश्न आहे, आत अक्षर एकच, त्यावर वेळ घालवू नका.

दुरुस्ती एकेक नोंद उघडून करू नका, आयुष्य जाईल. डीस्पेसमधून एका संग्रहाची मेटाडेटा सीएसव्ही फाइल, म्हणजे सगळ्या नोंदींचा एक तक्ता, बाहेर काढता येते, दुरुस्त करून परत आत घालता येते. ती फाइल एक्सेलमध्ये नुसती डबल क्लिक करून उघडू नका, मराठीची चिन्हं होतात आणि त्याहून वाईट म्हणजे फक्त वर्ष-महिना लिहिलेल्या तारखा एक्सेल स्वतःच्या मनाने बदलतो आणि सेव्ह केलं की गेलं. लिब्रे ऑफिसमध्ये उघडा, यूटीएफ-८ निवडा, सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून घ्या. मोठी सफाई ओपनरिफाइन नावाच्या प्रोग्राममध्ये, त्यात लेखकाच्या कॉलमची सगळी वेगवेगळी रूपं यादीत येतात, एकाच माणसाची सात रूपं एका नजरेत दिसतात, फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. ज्या कॉलमला हात लावायचा नाही तो फाइलमधून अख्खा काढून टाकलात तर चालतं, डीस्पेस त्याला काही करत नाही. पण कॉलम ठेवून आतला चौकोन रिकामा केलात तर त्या नोंदीतली ती माहिती पुसली जाते. म्हणून आधी पन्नास नोंदींवर करून बघा, आत घालताना काय काय बदलणार ते डीस्पेस दाखवतो, ते खरंच वाचा, आणि त्या दिवशीचा बॅकअप घेतल्याशिवाय सुरू करू नका.

रोज ३० नोंदी म्हटलं तर ३,८०० नोंदींना सुट्ट्या धरून सहा महिने लागतील. लागू देत. गावातल्या निवृत्त शिक्षकांना बोलवा, शके-तिथी आणि गावातली माणसं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतात.

हे होत आलं की मग नवीन व्हर्जन. डीस्पेस ६ चा सपोर्ट २०२३ मध्ये संपला, उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्टही त्याच वर्षी, म्हणजे जायचं तर आहेच, इंटरनेटला उघडा असलेला कंप्युटर असा फार काळ ठेवू नये. ७ पासून डीस्पेस आतून खूप बदललाय, दिसणारी साइट वेगळी आणि मागचा सर्व्हर वेगळा, मेमरी जास्त लागते, १६ जीबीच्या खाली मी जाणार नाही. त्या मुलाने केलेली जुनी सजावट नवीनमध्ये येणार नाही, तेवढी मनाची तयारी ठेवा. जुन्या मशीनवर वरच्या वर अपग्रेड मुळीच करू नका. नव्या मशीनवर नवीन डीस्पेस, त्यात तुमच्या बॅकअपमधून डेटाबेस आणि असेटस्टोअर, महिनाभर दोन्ही शेजारी-शेजारी, संख्या जुळवा, पन्नास नोंदी डोळ्याने तपासा, मग पत्ता वळवा. बघा, म्हणूनच बॅकअप परत चढवायची सवय आधी लावायला सांगतेय, अपग्रेड म्हणजे तेच काम आहे.

नवीन मशीन ऑफिसातच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे सर्व्हर बघणारं पगारी माणूस नाही, तर दरमहा भाड्याचा क्लाउड सर्व्हर मला जास्त बरा वाटतो, लाईटचा आणि यूपीएसचा प्रश्न त्यांचा. एजन्सीला काम द्यायला हरकत नाही पण करारात लिहून घ्या की डेटाबेस, असेटस्टोअर आणि सगळे पासवर्ड वाचनालयाचे, आणि दर महिन्याला पूर्ण बॅकअप तुमच्या हातात. आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. बहुतेक त्या मुलाच्या खासगी ईमेलवर असेल, ते संस्थेच्या ईमेलवर घ्या. जुन्या लिंक तशाच चालू राहिल्या पाहिजेत, तुमच्या नोंदीच्या पत्त्यात हँडल आणि मग १२३४५६७८९ असं दिसत असेल तर तो डीस्पेसचा नमुन्याचा आकडा आहे, बाहेरच्या हँडल सेवेत (नोंदींना कायमचे पत्ते देणारी सेवा) तो चालत नाही, पण तुमच्या डोमेनवर चालतो आणि कोणीतरी प्रबंधात तो पत्ता दिलेला असेल, म्हणून तो मोडू देऊ नका.

ड्राइव्हचं म्हणणाऱ्या सदस्यांना माझ्याकडून सांगा की तिसरी प्रत म्हणून ड्राइव्ह उत्तम, जरूर ठेवा. पण ड्राइव्हवर शके नाही, लेखक नाही, फक्त फाइलचं नाव. आणि नोंदी नीट असल्या तर ओएआय-पीएमएच नावाच्या पद्धतीने दुसऱ्या संस्था त्या आपोआप उचलू शकतात, आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी अशाच वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र आणून दाखवते, तुमच्या तालुक्याचं साप्ताहिक तिथे दिसू शकतं. हक्कांचं एक वाक्यात, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झालेलं खुशाल उघडं ठेवा, बाकीचं जपण्यासाठी स्कॅन करून ठेवायला ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्यात मुभा आहे पण ते सगळ्या जगाला दाखवायची नाही, त्या नोंदी दिसू देत आणि फाइल बंद ठेवा.

शेवटचं, दाखल नोंदवहीच्या शेजारी एक ‘सर्व्हरची वही’ ठेवा, कागदाची. दर सोमवारी वाचनालय उघडल्यावर पंधरा मिनिटं, डिस्क किती टक्के, कालच्या बॅकअपचा साइज किती, चेकसमचा रिपोर्ट काय म्हणतो, एक नोंद उघडून बघितली का, आणि सही. चेकसमचं म्हणजे, डीस्पेस प्रत्येक फाइल चढवताना तिचा एक ठसा घेऊन ठेवतो आणि ‘चेकर’ चालवला की आजची फाइल त्याच ठशाची आहे का हे सांगतो, डिस्क हळूहळू खराब होत असेल तर ते इथे सगळ्यात आधी कळतं. पासवर्ड सीलबंद पाकिटात कार्यवाहांच्या कपाटात. आणि तुमच्याशिवाय अजून एका सेवकाला ही पंधरा मिनिटं शिकवा, तुम्ही रजेवर असताना सोमवारची सही त्यांची.

डिस्क आणल्या आणि पहिला डम्प झाला की मला फाइलचा साइज कळवा. ३,८०० नोंदींचा डम्प काही एमबीचा तरी भरलाच पाहिजे, केबीमध्ये आला तर पुढचं काही करू नका, आधी मला लिहा.